पंतसरकारच्या मुलखात

आज्ज्याला कुणी जिल्हा विचारला तर तो "आमी औंधकर" म्हणायचा. औंध तसं आमच्यापासून लांब, मधे इंग्रजांची हद्द. संस्थान सलग नव्हतंच. ७२ गावं, औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ अशा चार तालुक्यांत विखुरलेली.

आमचं गाव आटपाडीकडचं. माळ, कुसळं, बाभळी आणि सावली सापडेल तिथं बसलेली मेंढरं. माणगंगा उन्हाळ्यात नुसती वाळू. बाया त्यात झरे उकरत. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, नितळ पाझर यायची वाट बघायची, मग वाटीवाटीनं कळशी भरायची. पहाटे गेलेली आज्जी दिवस कासराभर वर आल्यावर परतायची. पावसानं पाठ फिरवली की खिल्लारं खरसुंडीच्या जत्रेत विकायला जात, आणि त्या रात्री घरात चूल पेटत नसे.

जानेवारी १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या हातानं सत्ता रयतेकडं दिली. सल्ला गांधीजींचा, धडपड युवराज अप्पासाहेब पंतांची आणि पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची. गावोगाव निवडलेल्या पंचायती आल्या. आज्ज्याला त्यातली कलमं काही ठाऊक नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढं होता मारुतीच्या देवळापुढं बसणारा न्याय. न्यायाधीश गावात यायचा, शेजारी पंच. बांध कुणी कोरला हे अख्ख्या गावाला माहीत, मग खोटं बोलायचं कुणापुढं? "साक्षीला बांधच हुता की," तो म्हणे. भावकीच्या धाकानं गप्प बसलेलेही असणारच. महारवाड्यातल्या माणसाला त्या पारावर जागा होती का, हे आज्ज्याच्या गोष्टीत कधी आलं नाही. मीही विचारलं नाही.

राजा कसा होता म्हटलं, की तो पंतसरकारांच्या दंडाचं वर्णन करी. सूर्यनमस्काराचं त्यांना भारी वेड; शाळेतली पोरंही त्यातून सुटली नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त तालमीसाठी येणारा राजा याच मुलखातला.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात तर भिंतीवाचून तुरुंग उभा राहिला. कैदी बायकापोरांसह राहून शेती करत. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ग. दि. माडगूळकरांनी लिहिला तो यावरूनच. आज्जीला सिनेमाचं कौतुक नव्हतं. "त्यांची वांगी मातुर ग्वाड," एवढंच ती म्हणायची.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. पुढच्या वर्षी आम्ही दक्षिण साताऱ्यात गेलो, १९६० पासून त्याचंच नाव सांगली. आज्ज्याचा बांधाचा दुसरा दावा मग कोर्टात गेला. वकील आले, तारखा आल्या. निकाल लागला तेव्हा वादी-प्रतिवादी दोघंही उरले नव्हते, आणि त्या बांधावरची बोरं दोघांची नातवंडं मिळून खात होती.