परवलीचा शब्द आणि कष्टकऱ्याचे बोट

1961 साली अमेरिकेतील एम. आय. टी.त एकच संगणक अनेकजण वापरू लागले, तेव्हा कॉर्बातो यांनी प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधकाने, वाट्याचा वेळ पुरेना म्हणून, सगळ्यांचे शब्द छापून घेतले! शब्द सोपा ठेवावा तर चोराला सापडतो, अवघड ठेवावा तर धन्यालाच आठवत नाही.

2010 साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे रेशन दुकानात बोट हाच परवलीचा शब्द झाला. पाठांतर नको, ही सोय खरीच. परंतु कापूस वेचून, विटा वाहून झिजलेली बोटे यंत्र ओळखीलच असे नाही. मग मोबाइलवर येणारा आकडा मागतात. तो मोबाइल मुलाच्या खिशात, आणि मुलगा पुण्याला कामावर.