परळचें मत

श्रोतेहो, मतदारसंघ म्हणजे नकाशावर ओढलेली एक रेघ, असें आपण समजतों. परंतु त्या रेघेच्या आंत राहणाऱ्यांना दर कांहीं वर्षांनीं एक अवघड प्रश्न विचारला जातो : तुम्ही स्वतःला कोण समजतां ? मुंबईच्या गिरणगांवांतील परळनें या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत.

१९३५ च्या कायद्याप्रमाणें प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका १९३७ च्या आरंभीं झाल्या. मताचा अधिकार तेव्हां सरसकट नव्हता. मालमत्ता, घरभाडें, शिक्षण अशा अटींच्या चाळणींतून तो खालीं येई. भायखळा व परळ मिळून मुंबई शहराचा एक मतदारसंघ होता व त्यांतील एक जागा अस्पृश्य वर्गासाठीं राखलेली होती. त्या जागेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या नव्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले. परळ त्यांना परकें नव्हतें. १९३४ मध्यें दादरच्या ‘राजगृहां’त राहावयास जाण्यापूर्वीं इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत त्यांनीं अनेक वर्षें संसार केला होता.

काँग्रेसनें त्यांच्यासमोर जो उमेदवार दिला तोहि साधासुधा नव्हता. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजांत जन्मलेले डावखुरे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले होते. अस्पृश्यतेच्या भिंतीला खेळाच्या मैदानावरून पहिलें खिंडार त्यांनींच पाडलें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. १९३२ च्या पुणें करारावर या दोघांच्याहि सह्या होत्या. पांच वर्षांनीं तेच दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मतें पडलीं. अंतर अवघें २,०२० मतांचें. लोकांना नायक दोन होते. निवड करावयाची होती ती मार्गाची.

हा निकाल समजून घ्यावयाचा तर गिरणीच्या आंत डोकावलें पाहिजे. विणाई खात्यांत पगार अधिक. पण तेथें धोट्यांतील धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे. या एका कारणावरून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यांत मज्जाव होता. यंत्र एक, मालक एक, भोंगा एक. तरी उष्ट्याचा विटाळ मात्र सुटला नव्हता. म्हणून ‘आपण सारे कामगार’ ही घोषणा कानाला गोड लागली, तरी सर्वांना ती सारखीच पटणें शक्य नव्हतें. तरीसुद्धां १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनीं खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप पुकारला. जात व वर्ग यांची गांठ पडूं शकते, हें त्या दिवशीं गिरणगांवानें पाहिलें.

ती गांठ टिकली नाहीं. प्रौढ मताधिकार आला, आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकींत मुंबई शहर उत्तर या मतदारसंघांत राज्यघटनेच्या शिल्पकाराचाच काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभव झाला.

पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत भाषेचा प्रश्न अग्रभागीं आला. तोंपर्यंत लाल झेंडा व मराठी अस्मिता एकाच मोर्चांत चालत होत्या. १९६६ मध्यें शिवसेना स्थापन झाल्यावर त्यांची फारकत झाली. १९७० च्या जूनमध्यें परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकींत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक थोड्या मतांनीं निवडून आले व विधानसभेंत त्या पक्षाचा पहिला आमदार परळनें पाठविला. ज्या चाळींतून संपाची वर्गणी गोळा होई, त्याच चाळींनीं हा निर्णय दिला. तो केवळ दहशतीनें झाला असें म्हणणें जितकें अपुरें, तितकेंच तो केवळ अस्मितेनें झाला असें म्हणणेंहि अपुरें. नोकरीच्या शोधांत असलेल्या तरुणाला युनियनपेक्षां शाखा जवळची वाटूं लागली होती, ही गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं.

१९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, धुरांड्यांच्या जागीं उंच इमारती चढल्या. २००८ च्या पुनर्रचनेंत विधानसभेचा परळ मतदारसंघहि उरला नाहीं; जुनी वस्ती शेजारच्या मतदारसंघांत वांटली गेली.

श्रोतेहो, परळचा मतदार कधीं जातीनें, कधीं वर्गानें, कधीं भाषेनें बोलला. त्याला चंचल म्हणणें सोपें आहे. परंतु या तिन्ही गोष्टी त्याच्या एकाच देहांत नांदत होत्या, आणि मतपत्रिकेवर शिक्का मात्र एकाच ठिकाणीं मारावयाचा होता. ज्या पक्षानें ज्या वेळीं त्याच्या दुखण्यावर नेमकें बोट ठेवलें, त्याला त्यानें कौल दिला. दुखणें बरें कोणी केलें, हा प्रश्न तो आज कोणास विचारणार ? मतदार विखुरले, पण तो प्रश्न शहराकडे शिल्लक आहे.