लॅमिंग्टन रोडचा मदरबोर्ड आणि डहाणूची खारी हवा

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर करून आयातीवरील निर्बंध सैल केले, तेव्हा मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकाजवळची, रेडिओच्या सुट्या भागांसाठी आधीच नावाजलेली पेठ, जिचे दप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी लोक जिला लॅमिंग्टन रोड म्हणूनच ओळखतात, ती पाहता पाहता जोडणीच्या संगणकांचे माहेरघर बनली. आणि शहरातील कचेऱ्यांनी मोडीत काढलेले मदरबोर्डही तिथूनच लहान गावांतील कारागिरांच्या हाती जाऊ लागले. मुंबईच्या उत्तरेकडील अशा गावांपैकी डहाणूला लोहमार्ग आणि शेजारच्या तलासरीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अशा त्या पेठेकडे जाणाऱ्या दोन वाटा. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यावर सुट्या भागासाठी सकाळी जाऊन रात्री परतणे अधिकच सुलभ झाले.

या दुरुस्तीच्या व्यवसायाचा अव्वल दस्तऐवज म्हणजे खुद्द जुने बोर्डच होत. ते साफ करण्याचे आणि पारखण्याचे जे नियम आज कारागीर विचार न करता पाळतो, त्यांतील प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या पिढीच्या बोर्डातील दोषापोटी जन्मास आलेला आहे. २८६, ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या काळातील पुष्कळ बोर्डांवर घड्याळ चालते ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची नळीसारखी बॅटरी सोल्डर केलेली असे. बोर्ड वर्षानुवर्षे पडून राहिला की ती पाझरते, आणि तिच्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या सूक्ष्म रेषा कुरतडत जाते. हिरवट-निळसर थर दिसताच ती बॅटरी प्रथम कापून काढावी, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून अल्क निष्प्रभ करावे, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावे, हा क्रम त्या अनुभवातून रूढ झाला. पुढे नाण्यासारखी, सहज काढता येणारी ३ व्होल्टची लिथियम बॅटरी आली आणि हा उपद्रव मावळला. परंतु साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर फुगले आणि फुटले. तेव्हापासून बोर्ड हाती येताच कपॅसिटरांचे माथे सपाट आहेत की नाहीत, हे पाहिल्यावाचून कारागीर पुढे जात नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर या नियमांना आणखी एक कलम जोडावे लागते. समुद्रावरून येणाऱ्या हवेतील मीठ ओलावा खेचून घेते, धूळ तो धरून ठेवते, आणि कोरडी असता निरुपद्रवी असलेली ती धूळ पावसाळ्यात विजेला आडवाट देऊ लागते. म्हणून इथे आधी सफाई आणि मगच वीज, या नियमाला अपवाद करू नये. मऊ ब्रशने धूळ झाडताना नाकातोंडावर फडके असावे, आणि धुतलेला बोर्ड पंख्याच्या वाऱ्यात किमान एक दिवस, श्रावणाच्या झडीत दोन दिवस, सुकू द्यावा. वाचलेल्या बोर्डांपेक्षा घाईने जळालेल्या बोर्डांची संख्या अधिक असावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

बोर्डांच्या परीक्षेचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १९८४ च्या आय.बी.एम. एटी यंत्रापासून चालत आलेल्या रचनेत बोर्डाला वीज देणारे दोन जोड शेजारी शेजारी बसत, आणि त्यांच्या काळ्या तारा मधोमध एकत्र आल्या नाहीत, तर बटण दाबताक्षणीच बोर्ड कायमचा निकामी होण्याची भीती असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली, तिचा एकच जोड एकाच बाजूने बसतो. परंतु यंत्र बंद असले तरी भिंतीतील प्लग लावलेला असेतोवर ५ व्होल्टची वीज बोर्डावर जागी राहते, हा नवा धोका तिने आणला. प्लग उपसल्यावाचून बोर्डाला हात लावू नये, आणि पॉवर सप्लायची पेटी तर उघडूच नये, कारण २३० व्होल्टच्या मुख्य विजेपासून तिच्या आतील कपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्ट साठतात व ते प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. रेडिओदुरुस्तीच्या जमान्यातील सिरीज बल्बची, म्हणजे पेटीची वीज तारेच्या साध्या बल्बमधून नेण्याची, युक्ती इथे उपयोगी पडते: बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, आणि पूर्ण तेजाने जळतच राहिला तर पेटीत शॉर्ट आहे असे समजावे. त्यानंतर बोर्ड कोरड्या लाकडी फळीवर ठेवून मल्टिमीटरने विजेच्या वाटा तपासाव्यात, आणि हीटसिंकसह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी व छोटा स्पीकर एवढेच जोडून तो चालू करावा. पुष्कळ बोर्ड प्रकृती ठीक असल्यास एकदाच बीप देतात.

या कष्टांचे मोल या मुलखात अधिक का, तेही सांगितले पाहिजे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखला गेला. आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली देखरेखीचे प्राधिकरण स्थापन झाले. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसे असते. सोन्याच्या कणासाठी ते आम्लात बुडवणे किंवा तांब्यासाठी जाळणे म्हणजे घोलवडच्या चिकूबागांवर आणि खाडीच्या पाण्यावर विष पसरवणे होय. ज्याच्या घरी, शाळेत वा ग्रामपंचायतीच्या कपाटात असा बोर्ड पडून असेल, त्याने तो प्रथम दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावा, आणि तिथेही तो निकामी ठरला तर ई-कचऱ्याची नोंदणी असलेल्या केंद्राकडेच सोपवावा. भंगारात देऊ नये.