लोणीकंदची रीत आणि मावळची माती

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नाव निघाले की १९३२ सालचे ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ आठवते. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आठवतो आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही शिष्यमंडळीही आठवतात. मालवणात १८९३ साली जन्मलेल्या आणि १९८३ साली मुंबईत निवर्तलेल्या या प्राध्यापकाची ही ओळख खरीच आहे, पण अपुरी आहे. १९५९ साली ते निवृत्त झाले. त्या सुमारास आणि त्यानंतर त्यांनी सह्याद्री आणि पुण्याच्या आसपासच्या गावांकडे मोहरा वळवला. महादेव कोळी या आदिवासी जमातीवर पुस्तक लिहिले, १९६० साली लोणीकंदवर लिहिले आणि १९६३ साली हवेली तालुक्यातल्या निम्म्या ग्रामीण, निम्म्या शहरी वस्तीवर लिहिले. माझ्या मते घुर्ये आज खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ते या पुस्तकांत, आणि त्यांची सर्वांत जास्त गरज आहे मावळाला.

लोणीकंदची रीत साधी होती. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पेशवाई बुडाल्यावर लगेचच, १८२०च्या सुमारास, त्या गावाचे वर्णन लिहून ठेवले होते: घरे, अवजारे, कपडे, जेवण, बलुतेदार, कर्ज. घुर्यांनी तेच गाव पुन्हा पाहिले आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी मांडली. जुना कागद आणि चालू गाव यांची अशी समोरासमोर भेट घडवली की ‘पूर्वीचे खेडे स्वयंपूर्ण होते’ यांसारखी विधाने तपासता येतात, नुसती उगाळत बसावे लागत नाही.

मावळात जुन्या कागदाला तोटा नाही. इथला पहिला कागद तर दगडाचा आहे. कार्ल्याच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वळुरकच्या भिक्खूंना, म्हणजे याच लेण्यात राहणाऱ्यांना, करजिक गाव दिल्याचा लेख आहे. पुढे सातवाहनांची सत्ता आल्यावर तेच गाव त्याच लेण्याला पुन्हा दिल्याचा हुकूमही तिथेच कोरला आहे. तो सुटला आहे मामाड येथील अमात्याला उद्देशून. हे मामाड म्हणजे मावळ, आणि करजिक म्हणजे नाणे मावळातले करंजगाव, असे अभ्यासक मानतात. राजपुरुषांनी त्या गावात शिरू नये, अशी सवलत त्या हुकुमात आहे. म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वीही मावळातल्या गावाचे उत्पन्न कोणाला जावे, हे गावाबाहेरची सत्ताच ठरवत होती.

घुर्यांची रीत मावळाला लावण्यावर पहिला आक्षेप असा येईल की घुर्ये ग्रंथालयातले अभ्यासक होते. गावात मुक्काम ठोकून पाहण्याचे काम त्यांच्या शिष्यांनी केले. आक्षेपात तथ्य आहे. पण गावात वर्षभर राहणाऱ्यालाही पणजोबांच्या काळचा शेतसारा कोणी तोंडी सांगत नाही. त्यासाठी दप्तरच उघडावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९४३ सालच्या पुस्तकात घुर्यांनी आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले आणि मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनशी त्यांचा वाद झाला. महादेव कोळ्यांपुरते पाहिले तर त्यांच्या बाजूने पुरावा नाही असे नाही: घाटवाटांची आणि गडांची राखण, भातशेती, कुणब्यांसारखेच देव. पण धर्म कोणता, हे ठरले म्हणून जमीन कोणाची, हे ठरत नाही. जंगलाची आणि जमिनीची हकीगत वेगळी लिहावी लागते, आणि इथे घुर्यांची बाजू लंगडी पडते, हे मोकळेपणाने मान्य करावे.

तिसरी अडचण मला स्वतःला जाणवते. हवेलीत पुणे शहर शेजारून सरकत आले. मावळात बदल वरून उतरला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. त्याचे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरवट्याचे, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे पवना धरण झाले आणि पाणी पिंपरी-चिंचवडला गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरलेल्या मावळच्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले. या तालुक्यात वाडी उठते, पाणी वळते, ते भूसंपादनाच्या नोटिशीने. ‘शहरीकरण’ हा सौम्य शब्द तिथे पुरत नाही. म्हणून घुर्यांची रीत घ्यावी, हवेलीचा शहरीकरणाचा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा उचलू नये.

पुण्याच्या आणि तळेगाव-लोणावळ्याच्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी पवन, नाणे आणि आंदर या तिन्ही मावळांतले एकेक गाव घ्यावे. १८८५ सालचे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, सारापाहणीची दप्तरे, फेरफार आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकत्र मांडाव्यात. पहिले गाव करंजगाव असावे. त्याचा सर्वांत जुना दाखला कार्ल्याच्या भिंतीवर आहे आणि आजचा सातबारा तलाठ्याकडे मिळतो.