पाकिटात कोंडलेली गोचीड

फवारणी होऊन आठवडा उलटला तरी गाईच्या कासेला गोचीड तशीच चिकटलेली दिसली, की संशय तिघांवर जातो: औषधावर, फवारणाऱ्यावर आणि गोचिडीवर. यातला खरा दोषी शोधायची पद्धत ऑस्ट्रेलियात घडली.

तिथे गोचीड बाहेरून आली. १८७२ मध्ये जावाहून डार्विनला उतरलेल्या गुरांबरोबर आलेली ही कीड १८९०च्या दशकात क्वीन्सलँडभर पसरू लागली आणि गोचीडतापाने गुरं दगावू लागली. उपाय सापडला सोमलाचा. सोमलाच्या पाण्याने भरलेल्या लांबट हौदातून गुरं पोहत पलीकडे काढायची. १९३०च्या दशकात मात्र पशुपालक सांगू लागले, की हौदातून काढलेल्या गुरांवरही गोचीड जगते. हे सहज पटण्यासारखं नव्हतं. कारण हौदातले जीवाणू सोमलाचं रूप पालटून त्याची धार कमी करतात. मग दोष पाण्याचा की गोचिडीचा? पुढे आलेलं डीडीटीही १९५०च्या दशकातच निष्प्रभ होऊ लागलं.

१९६२ मध्ये स्टोन आणि हेडॉक या संशोधकांनी हा प्रश्न हौदाबाहेर काढला. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्या गोळा करून उबदार, दमट कपाटात ठेवायच्या. एकेक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, त्यामुळे एका वयाची पिल्लं हवी तितकी मिळतात. ऑलिव्ह तेल आणि उडून जाणाऱ्या द्रावकात मिसळलेलं औषध गाळणकागदात मुरवायचं. कागदाची घडी घालून पाकीट करायचं, शंभरेक पिल्लं आत सोडून कडा चिमट्यांनी बंद करायच्या आणि चोवीस तासांनी जिवंत-मेलेली मोजायची. निम्मी पिल्लं ज्या मात्रेला मरतात, ती मात्रा औषधाला न सरावलेल्या गोचिडीच्या मात्रेशी ताडायची. तुलनेसाठी बिनऔषधाचं एक पाकीट शेजारी हवंच.

पशुपालकाच्या तक्रारीला यामुळे आकडा मिळाला, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. लगेच पुढच्या वर्षी रॉकहॅम्प्टनजवळच्या रिजलँड्समधली गोचीड फॉस्फरसयुक्त औषधांना दाद देईना, तेव्हा मोजमाप हाताशी होतं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनेही (एफएओ) हीच चाचणी पुरस्कारली.

आपल्या गोठ्यातली गोचीड त्याच जातकुळीची. ती डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या गोचीडनाशकांना सरावल्याचं भारतातही अशाच चाचण्यांतून दिसलं आहे. पण माद्यांनी अंडी घालून पिल्लं तयार होईपर्यंतचा वेळ धरला, तर पाकिटातल्या चाचणीला पाचसहा आठवडे लागतात. तोवर शेतकरी दुकानातून दुसरी बाटली आणतो, नाहीतर त्याच औषधाची मात्रा वाढवतो. मग चिवट तेवढी गोचीड मागे उरते आणि औषधाचा अंश दुधात उतरण्याचा धोका वाढतो. जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत ही तपासणी रक्ततपासणीइतकी सहज मिळायला हवी. तिला महागडी यंत्रं लागत नाहीत. कपाट, कागद आणि मोजणीला बसणारा प्रशिक्षित माणूस लागतो.