जात्याला आडनाव का नाही

जर्मनीत सर्वांत जास्त लोकांचे आडनाव म्युलर आहे. ऋग्वेदाची सायणभाष्यासह पहिली छापील आवृत्ती सिद्ध करणारे मॅक्स म्युलर आपल्याकडे इतके परिचयाचे झाले की पुण्या-मुंबईतल्या जर्मन संस्थांना त्यांचेच नाव मिळाले. १८२३ साली डेसाऊ गावी जन्मलेल्या या पंडिताचे मूळ आडनाव नुसते म्युलर. ते फारच सर्रास असल्यामुळे त्यांनी पुढचे मॅक्स आडनावालाच जोडून घेतले. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून १९४८ चे नोबेल मिळवणारे पाउल म्युलर स्वित्झर्लंडचे. २००९ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या हेर्टा म्युलर रुमानियातल्या जर्मनभाषक खेड्यात जन्मल्या. १९७४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारे गेर्ड म्युलर बव्हेरियाचे, आणि त्यांच्यानंतर तिथेच नाव कमावणारे थोमास म्युलर त्यांच्या नात्यागोत्याचे नाहीत. या साऱ्यांना एका वंशवृक्षावर बसवता येत नाही. त्यांच्यात समान आहे ते एवढेच की प्रत्येकाचा कोणी तरी पूर्वज पिठाची चक्की चालवत होता. म्युलर म्हणजे दळणारा.

हे आडनाव इतके का पसरले, याचे उत्तर जर्मन खेड्याच्या रचनेत सापडते. मध्ययुगात ओढ्यावर पाणचक्की बांधायचा हक्क जमीनदाराचा असे, आणि कुळांनी आपले धान्य त्याच चक्कीवर दळून घ्यावे अशी सक्ती असे. प्रशियात ही सक्ती १८१० साली उठली. म्हणजे गावोगाव एक चक्की, एक चक्कीवाला, आणि दळणातला ठरलेला वाटा त्याचा. बाराव्या ते सोळाव्या शतकांत जर्मन मुलखात आडनावे कायम होत गेली, तेव्हा गावातला हा माणूस हुद्द्यानेच ओळखला जात होता. शुल्झ म्हणजे गावचा कारभारी, आपल्या पाटलासारखा. श्मिट म्हणजे लोहार. फिशर म्हणजे कोळी. वेबर म्हणजे विणकर. एवढी जोडी लावली की मराठी वाचकाला परके काही उरत नाही. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देशमुख, लोहार, सुतार, कुंभार, गुरव ही आडनावे त्याच वाटेने आली. फक्त एका ठिकाणी जोडी लागत नाही, आणि ते ठिकाण जर्मन यादीत अगदी वरचे आहे. म्युलरला मराठीत जोड नाही.

काहींच्या मनात लगेच दळवी येईल. पण दळवी हे नाव दळणातले नव्हे, सैन्याच्या दळातले आहे. तो लष्करी हुद्दा आहे. बारा बलुतेदारांची नावे एकामागून एक घेऊन पाहा: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग, न्हावी, परीट, गुरव, जोशी, कोळी, मुलाणी. प्रांताप्रांतात एखाददुसरे नाव बदलते, पण दळणारा कुठेच येत नाही. जे काम झाल्याशिवाय गावात भाकरी थापली जात नव्हती, त्या कामाला बलुत्यात जागा नाही, वतनात नाही, म्हणून आडनावातही नाही. कारण ते काम बायका पहाटे उठून घरच्या जात्यावर करत होत्या आणि त्याचा मोबदला कोणी ठरवलेला नव्हता. आडनाव म्हणजे कुळाची खूण, असे आपण समजतो. माझ्या मते ते बऱ्याच अंशी मोबदल्याची नोंद आहे. गावाने ज्या कामाबद्दल धान्य, इनाम किंवा मान दिला त्याचे नाव टिकले. ज्या कामाबद्दल काहीच दिले नाही ते बिननावाचे राहिले.

हे तपासायला मावळाइतकी चांगली जागा मिळणार नाही, कारण इथे माणसांची नावे आणि त्यांची कामे दगडावर कोरलेली आहेत, तीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाते आपली ओळख कशी करून देतात ते पाहावे. वैजयंतीचा सेठी भूतपाल आहे, धेनुकाकटचा गंधिक म्हणजे अत्तरांचा व्यापारी सिंहदत्त आहे, तिथलाच वढकी म्हणजे सुतार सामी आहे, यवन म्हणवणारे परदेशी दाते आहेत, महारठी आहेत. पुरुष सांगतात गाव आणि धंदा, गाव आणि हुद्दा. स्त्रियाही दान देतात आणि त्यांची नावे मानाने कोरली जातात, पण ओळखीचा साचा बदलतो. कार्ल्याला भायिला आहे ती गृहस्थ महादेवणकाची आई म्हणून. पवन मावळातल्या बेडशाच्या लेण्यात पाण्याच्या टाक्याचे दान देणारी सामडिनिका आहे ती महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची बायको म्हणून. तिच्या नावामागे महारठिनी ही पदवी आहे, तीही बहुधा नवऱ्याकडून आलेली. स्वतःच्या पदाने ओळखली जाणारी स्त्री या लेखांत दिसते ती फक्त भिक्षुणी, आणि तिने तर घर सोडलेले आहे. राहिलेल्या स्त्रियांच्या हातांनी त्या काळी काय काम होत होते, हे लेखांतून कळत नाही. दळणकांडण नक्कीच होत असणार, कारण लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंची पोटे गावातल्या भिक्षेवर चालत.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येईल, आणि तो हलका नाही. मावळातल्या नद्या म्हणजे पावसाळी नद्या. इंद्रायणी आणि पवना आषाढात काठ सोडून वाहतात आणि चैत्रात दगडगोट्यांवर येतात. धरणे नसताना बारमाही चक्की फिरवण्याएवढे पाणी त्यांत नव्हते. मग पाणचक्की नाही, म्हणून चक्कीवाला नाही, म्हणून आडनाव नाही. यात बायकांच्या कामाच्या मोलाचा प्रश्न कुठे आला? पण तंत्र ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. नाशिकच्या लेण्यांतल्या आभीर राजवटीच्या लेखात ओदयंत्रिकांची, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांची श्रेणी (धंद्याचा संघ) आहे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दर्ग्यातल्या फकिरांचे दळण करणारी पाणचक्की अठराव्या शतकापासून उभी आहे, आणि तिच्यासाठी दूरच्या झऱ्याचे पाणी नळांनी आणले होते. म्हणजे जिथे दळणाऱ्या बायका नव्हत्या आणि रोज शेकडो तोंडे होती, तिथे लोकांनी पाणी शोधून आणले. आणि पाणी नसले तरी बैल होतेच. बैल जुंपून तेलाचा घाणा फिरत होता. नाशिकच्या त्याच लेखात तिलपिषकांची, तीळ गाळणाऱ्यांची श्रेणी आहे. तेल गाळणाऱ्याला श्रेणी मिळाली, पुढे जात मिळाली, आडनाव मिळाले. पीठ दळणारीला यातले काही मिळाले नाही. घाण्याला बैल आणि भांडवल लागते, जाते ओसरीच्या कोपऱ्यात मावते, हा फरक खरा आहे. पण जाते कोपऱ्यात मावण्यासाठी ते ओढणारे हातही घरात फुकट मिळावे लागतात.

दुसरा आक्षेप खास मावळातला. हा भाताचा मुलूख, आंबेमोहराचा. इथे पिठाची गरज देशावरच्यापेक्षा कमी, तर दळणाऱ्याची उणीव कशाला भासवायची? एक तर डोंगरउतारावरची नाचणी आणि वरी इथल्या गरिबाच्या ताटात भाताइतकीच होती, आणि भाकरी तांदळाच्या पिठाचीही होते. दुसरे असे की भात खायचा तर कांडण आले. उखळ आणि मुसळ हे जात्याचेच भावंड, आणि तेही बायकांकडेच. सडून कांडून तांदूळ करणाऱ्याचेही आडनाव आपल्याकडे नाही. मावळाचे उदाहरण त्यामुळे माझा मुद्दा कमकुवत करत नाही. एका कामाऐवजी दोन कामे पुराव्यात येतात.

मात्र सगळ्यांत निर्णायक पुरावा मला जात्याच्या भोवतीच्या माणसांत दिसतो. जाते झिजते. त्याच्या तळीला पुन्हा टाकी लावावी लागते, नाही तर पीठ भरडच पडते. हे टाकवण्याचे काम करत गावोगाव फिरणारे लोक टकारी म्हणून ओळखले गेले. समाजाचे नावच त्या कामावरून पडले. दगड घडवून जाती विकणाऱ्या वडारांच्या एका शाखेला जाते वडार म्हणतात. पाथरवट तर आडनावही आहे. म्हणजे जाते घडवणाऱ्याला नाव आहे आणि टाकवणाऱ्यालाही आहे. फक्त खुंटा धरून दळणारीला नाही. पहिल्या दोघांना गावाने सुपात धान्य घालून मोबदला दिला, तिसरी त्याच घरातली होती. टकाऱ्यांचे हाल कमी होते असे मुळीच नाही; वसाहतीच्या राजवटीने त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. पण नाव मिळणे आणि सुख मिळणे या दोन गोष्टी आहेत, आणि इथे प्रश्न नावाचा आहे.

कोणी म्हणेल, हा नियम गरीब घरांपुरता असेल. मोठ्या घरच्या कर्त्या स्त्रीला हुद्दा अडत नसेल. त्यासाठी मावळातलेच सर्वांत मोठे घर घेऊ, तळेगावचे दाभाडे. खंडेराव दाभाडे शाहू महाराजांचे सेनापती. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावांविरुद्ध लढताना पडले. त्यानंतर घराण्याचा आणि गुजरातच्या मोहिमांचा कारभार पाहिला तो उमाबाईंनी, खंडेरावांच्या पत्नीने. सेनापतिपदाची वस्त्रे मात्र धाकटे पुत्र यशवंतराव यांना मिळाली, आणि ते तेव्हा लहान होते. काम आईचे, हुद्दा मुलाचा. बेडशातली सामडिनिका आणि तळेगावच्या उमाबाई यांच्यात दीड हजारांहून अधिक वर्षे गेली आणि नावाचा साचा तसाच राहिला.

जर्मनीत पीठ दळणाऱ्याला नाव मिळाले म्हणून तिथे न्याय वेगळा होता असेही समजू नये. दळण घरातून उचलून जमीनदाराच्या चक्कीवर गेले, पुरुषाचा धंदा झाले, तेव्हाच ते म्युलर झाले. म्युलरीन हा शब्द तिथे आहे, पण तो मुख्यतः चक्कीवाल्याच्या बायकोमुलीचा. मॅक्स म्युलर यांचे वडील विल्हेल्म म्युलर यांची ज्या काव्यमालेमुळे कीर्ती झाली, आणि १८२३ साली शूबर्टने जिला संगीत दिले, तिची नायिका अशीच चक्कीवाल्याची मुलगी आहे. तिला स्वतःचे नाव कवीने दिलेले नाही. विणकामाचेही तसेच. वेबर हे आडनाव जर्मनीत पहिल्या काहींमध्ये येते, पण ज्या सुताशिवाय मागाचा धोटा हलत नाही ते सूत कातणाऱ्यांवरून पडलेले श्पिनर हे आडनाव विरळा. सूत घरोघर बायका कातत होत्या. एकाच कापडातले दोन कसब, आणि नाव मिळाले ते श्रेणीत बसलेल्या पुरुषाच्या कसबाला.

मराठी परंपरेने दळणाचा सन्मान केला नाही काय, असे विचारले तर उत्तर होकारार्थी आहे, आणि ते मनापासून द्यावे लागते. जनाबाईंबरोबर दळायला प्रत्यक्ष विठ्ठल बसला, असे हा समाज शतकानुशतके गात आला. देवाला जात्याशी बसवणाऱ्या लोकांनी त्या कष्टाची किंमत ओळखली नव्हती असे कसे म्हणावे? पण जनाबाईंच्या अभंगाच्या शेवटी येणारी मुद्रा पाहावी: नामयाची दासी. जिची ओवी आणि अभंग सातशे वर्षे टिकले तीही स्वतःची ओळख दुसऱ्या घराच्या नात्यानेच सांगते. भक्तीने कामाला पावित्र्य दिले, पण पद द्यायचे राहिले.

मावळातल्या पाण्याने चाक फिरवायचा दिवस अखेर आला, तो १९१५ साली. टाटांच्या कंपनीने लोणावळा, वलवण आणि शिरवत्याच्या तलावांत पाऊस अडवला आणि घाटाखाली खोपोलीला त्याच्या जोरावर विजेची जनित्रे फिरवली. पूर्वी ज्या पावसाळी पाण्याला भरवसा नव्हता तेच आता बारमाही झाले. ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती, आणि ज्यांच्या डोक्यावरचा हा पाऊस त्या खेड्यांत जाती पहाटे घरघरतच राहिली. पुढे तेलाच्या इंजिनावरची आणि मग विजेची पिठाची गिरणी खेड्यात आली, तेव्हा एक गोष्ट मात्र तत्काळ घडली. दळणाला दर लागला, आणि दळणारा पुरुष झाला. गिरणीवाला. एवढी शतके जे काम बाईचेच म्हणून मानले गेले, ते पैसे मिळू लागताच एका दमात पुरुषाचे झाले. तोवर शाळेच्या आणि महसुलाच्या दप्तरांत आडनावे पक्की होऊन बसली होती, नाही तर मावळातही आज गिरणे किंवा चक्के आडनावाची घरे निघाली असती.

जाती बंद पडू लागली तेव्हा पुण्यातले हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांच्या साथीने जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. मावळ-मुळशीच्या डोंगराळ पट्ट्यापासून सुरू झालेले ते काम हजाराहून अधिक गावांपर्यंत गेले आणि ओव्यांची संख्या एक लाखावर पोहोचली. आज तो संग्रह पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने लोकांसमोर ठेवला आहे. त्यात प्रत्येक गाणारीचे नाव, गाव आणि तालुका नोंदलेला आहे. कार्ल्याच्या लेण्यात गंधिक सिंहदत्ताची नोंद गाव आणि धंदा सांगून झाली होती. या नोंदींत बाईच्या नावापुढे गाव येते, आणि तिचा धंदा ती गात असताना मागे ऐकू येणाऱ्या जात्याच्या घरघरीतून कळतो.