हेलिगोलँड : वाटसरू पाखरांचें बेट

उत्तर समुद्रांत, एल्ब नदीच्या मुखापासून सुमारें चाळीस मैलांवर, तांबड्या खडकाचें एक चिमुकलें बेट आहे. त्याचें नांव हेलिगोलँड. एका टोकाकडून चालूं लागलेला मनुष्य अर्ध्या तासाच्या आंत दुसऱ्या टोकास पोंचतो, एवढाच त्याचा विस्तार. कडे उभे तुटलेले, माथा सपाट व उघडा, शेजारीं समुद्रानें तोडून वेगळा केलेला वाळूचा एक पट्टा. १८०७ सालीं इंग्रजांनीं हें बेट डेन्मार्ककडून हिसकावून घेतलें आणि १८९० सालीं पूर्व आफ्रिकेंतील हक्कांच्या बदल्यांत तें जर्मनीच्या पदरांत टाकलें. मुत्सद्द्यांच्या लेखीं त्याची किंमत तोफा ठेवण्याच्या जागेएवढी. परंतु पक्ष्यांच्या स्थलांतराचें जें शास्त्र आज मान्यता पावलें आहे, त्याचीं मुळें बव्हंशीं याच खडकांत रुजलेलीं आहेत.

याचें कारण भूगोलांत आहे. ऑगस्ट अर्धा सरला, कीं नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि त्यांहूनहि दूरच्या रानांतून पाखरें दक्षिणेची वाट धरतात. त्यांतील लहान जाती बहुतेक रात्रीं उडतात. दिवस चरण्यांत व विश्रांतींत जातो. आकाश निरभ्र असलें, तर हे थवे बेटावरून उंचावरून निघून जातात आणि खालच्या माणसाला त्यांचा पत्ताहि लागत नाहीं. परंतु अंधाऱ्या रात्रीं मध्येंच आभाळ भरून आलें, बारीक पाऊस सुरू झाला, कीं समुद्रावर भांबावलेल्या पाखरांना एकच खूण दिसते, ती दीपस्तंभाच्या उजेडाची. मग चंडोल, कस्तुर, साळुंकीचे भाऊबंद जे स्टार्लिंग, अशा हजारों पाखरांच्या त्या दिव्याभोवतीं घिरट्या सुरू होतात. प्रकाशाच्या पट्ट्यांत तीं हिमकणांसारखीं चमकतात. कांहीं कांचेवर आपटून पडतात. आणि पहाटे शेतांत, कुंपणांत, कड्यांच्या कपारींत जिकडे पाहावें तिकडे थकलेलीं पाखरें बसलेलीं आढळतात.

बेटावरील कोळी लोकांना हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. मात्र त्यांचें कुतूहल स्वयंपाकघरापाशीं संपत असे. झाडांवांचून उघड्या असलेल्या माथ्यावर त्यांनीं तोडलेल्या फांद्यांच्या ओळी रोवाव्या, एका बाजूस जाळें बांधावें, आणि झुडूप समजून आसऱ्यास आलेल्या कस्तुरांना हाकून जाळ्यांत लोटावें, अशी जुनी रीत होती. गरीब बेटावर आकाशांतून पडलेलें अन्न कोण सोडील? आज त्याचा तिटकारा करणें सोपें आहे. परंतु कोणता पक्षी कोणत्या वाऱ्यानें व कोणत्या आठवड्यांत येतो, याचें ज्ञान प्रथम याच पारध्यांपाशीं होतें, हें नाकारतां येणार नाहीं.

१८३७ सालीं हाइनरिख गेट्के नांवाचा एक जर्मन तरुण या बेटावर उतरला. तो चित्रकार होता. समुद्राचीं चित्रें काढावीं, एवढाच त्याचा हेतु. तो तेथें राहिला तो जन्मभर. इंग्रज गव्हर्नराच्या कचेरींत चिटणिसाचें काम त्यानें पत्करलें, बेटावरील पारध्यांशीं स्नेह जोडला, आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाखरांचीं टिपणें ठेवण्यास आरंभ केला. तारीख, वारा, आभाळ, जात, जुना पक्षी कीं त्याच वर्षाचें पिलूं, असा सर्व तपशील तो टिपीत असे. या नोंदींतून १८९१ सालीं त्याचा ग्रंथ जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. १८९५ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. त्या इवल्याशा जागेंत त्यानें जवळजवळ चारशें जातींची नोंद केली होती. ग्रंथाच्या नांवांतच ‘हेलिगोलँडची पक्षिवेधशाळा’ असा शब्दप्रयोग आहे. वस्तुतः त्या वेळीं तेथें वेधशाळेची इमारत नव्हती कीं यंत्र नव्हतें. एक म्हातारा, त्याची वही व त्याची बंदूक, इतकीच ती वेधशाळा.

बंदुकीचा उल्लेख टाळून चालणार नाहीं. हातीं लागलेला पक्षी तेवढा खरा, निसटलेला पक्षी म्हणजे केवळ वदंता, असा त्या काळच्या पक्षिशास्त्राचा दंडक होता. त्यामुळें पाखरूं जितकें दुर्मिळ, तितका त्याचा मृत्यु निश्चित. पिवळ्या भिवईचा एक चिमुकला वटवट्या सैबेरियांतील अरण्यांत वीण करतो व हिवाळ्यासाठीं दक्षिण आशियाकडे उतरतो; तो शरदांत हेलिगोलँडवरहि वारंवार येतो, हें गेट्केनें दाखविलें तें अशाच पुराव्यानें.

गेट्केचीं सर्व अनुमानें टिकलीं असें मात्र नाहीं. निळ्या गळ्याचें एक चिमणीएवढें पाखरूं वसंतांत आफ्रिकेंतून उत्तरेकडे जातें. हेंच पाखरूं हिवाळ्यांत महाराष्ट्रांतहि पाणथळींच्या लव्हाळ्यांतून येतें. इजिप्त आणि हेलिगोलँड यांच्या मध्यें तें फारसें कोणास दिसत नाहीं, म्हणून तें एकाच रात्रींत हा पल्ला गांठीत असलें पाहिजे, असें गेट्केनें ठरविलें. आणि त्यासाठीं त्याला ताशीं सुमारें १८० मैलांचा वेग बहाल केला! पुढें बाल्टिक किनाऱ्यावर रोसिटेन येथें, जेथें १९०१ सालीं योहानेस टीनेमान यानें पक्षिवेधशाळा स्थापिली होती, तेथें उडत्या पक्ष्यांचे वेग प्रत्यक्ष मोजण्यांत आले. स्टार्लिंगचा वेग भरला ताशीं सुमारें ४६ मैल, आणि करड्या अंगाच्या कावळ्याचा ३१. निळ्या गळ्याचें पाखरूं वाटेंत थांबतें, पण गचपणांत दडून राहतें. न दिसलें म्हणून तें तेथें नव्हतेंच, असें मानण्यांत चूक झाली. डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टींत हा मनुष्य सहसा चुकला नाहीं. न दिसलेल्या गोष्टीवरून त्यानें गणित मांडलें, तेथें तो फसला.

शरदांत त्या वर्षाचीं पिलें पुष्कळदां आईबापांच्या आधीं व त्यांच्यावांचून निघतात, हें त्याचें निरीक्षण याच्या उलट. मग त्यांना वाट कोण दाखवितें? या प्रश्नाचें मोठें उत्तर १९५८ सालीं मिळालें. डच शास्त्रज्ञ पेर्डेक यानें शरदांतील प्रवासांत हॉलंडमध्यें पकडलेले सुमारें अकरा हजार स्टार्लिंग स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. जुने पक्षी चूक ओळखून आपल्या नेहमींच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले. नवे मात्र जन्मजात दिशाच धरून उडाले व स्पेन-फ्रान्सकडे जाऊन पोंचले.

हा प्रयोग शक्य झाला तो पायांतील कड्यामुळें. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गांवीं मॉर्टेन्सेन नांवाच्या शाळामास्तरानें १८९९ सालीं स्टार्लिंगच्या पायांत क्रमांक घातलेलीं अल्युमिनियमचीं कडीं चढविलीं. पाखरूं जिवंत राहूनहि साक्ष देऊं शकतें, ही ती क्लृप्ति. १९१० सालीं हेलिगोलँडवर ह्यूगो वायगोल्ड याच्या हाताखालीं खरीखुरी वेधशाळा उभी राहिली, आणि तेथें एक मौजेची गोष्ट घडली. कोळ्यांची ती फांद्यांची व जाळ्याची जुनी युक्ति शास्त्रज्ञांनीं उचलली. तारेच्या जाळीचें मोठें नरसाळें, आंत झुडपें, निमुळत्या टोकाशीं कांचेची पेटी. पाखरूं उजेडाकडे धांवतें व पेटींत सांपडतें. फरक इतकाच, कीं पूर्वीं तें तेथून पातेल्यांत जाई. आतां पायांत कडें घालून आकाशांत जाऊं लागलें. हा फांसा ‘हेलिगोलँड फांसा’ या नांवानेंच प्रसिद्ध पावला. १९३३ सालीं वेल्सच्या किनाऱ्याजवळील स्कोखोम बेटावर रोनल्ड लॉकली यानें ब्रिटनमधील पहिली पक्षिवेधशाळा काढली, तेव्हां त्यानेंहि हाच फांसा उभारला.

मुंबईचे सलीम अली १९२९-३० मध्यें बर्लिनला प्रा. श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकण्यास गेले असतां हेलिगोलँडवरहि जाऊन आले. पाखराला न दुखवितां हातांत कसें धरावें, कडें कसें चढवावें, याचा अनुभव त्यांनीं तेथें घेतला. परत आल्यावर त्यांनीं अलिबागजवळ किहीम येथें सुगरणींचा जो अभ्यास केला, तो सर्वश्रुत आहे. बेटावरील शिक्षणाचा उपयोग व्हावयास अधिक काळ लागला. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत गोचिडांपासून फैलावणारा एक प्राणघातक ताप आढळला. त्याचें बीज उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरील गोचिडांतून तर आलें नसेल, अशी शंका निघाली. १९५९ पासून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें पाखरांना कडीं घालण्याचें जें मोठें कार्य हातीं घेतलें, त्यास ही शंकाहि कारण झाली.

तिकडे हेलिगोलँडचें दैव फिरलें होतें. १८ एप्रिल १९४५ रोजीं सुमारें एक हजार इंग्रज विमानांनीं बेटावर बाँबवर्षाव केला. वांचलेल्या रहिवाशांना बेट सोडावें लागलें. बरोबर दोन वर्षांनीं, १८ एप्रिल १९४७ रोजीं, तेथील तटबंदी सुमारें ६,७०० टन स्फोटकांनीं उडवून देण्यांत आली. त्यानंतर विमानदळ बाँब टाकण्याच्या सरावासाठीं बेटाचा उपयोग करीत राहिलें. गेट्केपासून चालत आलेली वही तेथें बंद पडली. शरदांत पाखरें उतरत असतील, पण मोजावयास कोणी उरलें नाहीं.

१ मार्च १९५२ रोजीं बेट जर्मनीस परत मिळालें. वरच्या माथ्यावर १९४१ सालीं बांधलेला विमानविरोधी तोफांचा एक मनोरा तेवढा उभा राहिला होता. त्याचाच दीपस्तंभ करण्यांत आला. १९५३ सालीं पक्षिवेधशाळा पुन्हां उघडली. बाँबच्या खड्ड्यांनीं विदीर्ण झालेल्या त्या माथ्यावर झुडपें वाढविण्यांत आलीं, जाळीचीं नरसाळीं नव्यानें उभारण्यांत आलीं, आणि पहाटे झुडपांतून पाखरें हळूहळू हाकीत पेटीकडे नेण्याचें काम पूर्ववत् सुरू झालें.